खूर, लाट आणि काळा दगड

कोल्हापूरच्या पोराला दगड म्हटलं की काळाच दगड आठवतो. अंबाबाईच्या देवळाचा, पंचगंगेच्या घाटाचा, जुन्या वाड्यांच्या जोत्याचा. रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती असं जुनी माणसं सांगतात, म्हणजे आमचं तळंसुद्धा दगडानंच दिलेलं. हा दगड लाव्ह्याचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला, पसरला, थिजला आणि त्याच्यावर पुन्हा नवा थर चढला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग अशा थरांचाच बनला आहे. म्हणूनच आमच्या धाकट्याची मागणी पुरवणं सोपं नव्हतं. त्याला जीवाश्म पाहिजे होता. संग्रहालयातल्या काचेमागचा नको, स्वतः शोधलेला पाहिजे.

वितळलेल्या दगडात हाड टिकत नाही, पान टिकत नाही, हे त्याला समजावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग दोन थरांच्या मधी?"

सातवीतल्या त्याच्या बहिणीनं पुस्तकातून मान वर काढली, कारण प्रश्न नेमका होता. एक थर थंड झाल्यावर दुसरा यायला कधी कधी हजारो वर्षं लागत. तेवढ्या वेळात खोलगट जागी तळी साठत, गाळ बसे, गवत-झाडं उगवत, बेडूक ओरडत. मुंबईत वरळी-मलबार हिलच्या बाजूला अशाच मधल्या गाळात इवल्या बेडकांचे सांगाडे सापडले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन छापलं. डायनोसॉर हे नाव ज्यांनी दिलं, तेच हे ओवेन. विदर्भात तर चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळाली आहेत आणि गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. पण कोल्हापूर कुठं आणि सिरोंचा कुठं! शनिवार-रविवारात उरकण्यासारखं ते नाही.

मी त्याला दुसरा मार्ग सुचवला. आधी दाजीपूरला तंबूत राहायचं, पहाटे गवे बघायचे, मग फोंडा घाट उतरून देवगडच्या बाजूला समुद्र गाठायचा आणि वाटेत जो दगड भेटेल त्याच्यापाशी थांबायचं. जंगल बघणं आणि जीवाश्म शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत असं मला कधीच वाटलं नाही. दोन्हीकडे प्रत्यक्ष जनावर क्वचित भेटतं, त्याच्या खुणाच जास्त भेटतात. खुणेपाशी थांबायची सवय लागली की पुढचं आपोआप जमतं.

तारीख ठरवली आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. कॅलेंडर काढून ते थेट माघी पौर्णिमेवर आले. किनाऱ्यावर काही शोधायचं तर पाणी लांबवर ओसरलेलं पाहिजे आणि पुनव-अवसेला उधाण मोठं तशी ओहोटीही मोठी. वेळ काढायचा त्यांचा हिशेब जुना आहे: तिथीला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं, जे येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा. तीनानं गुणून पंचेचाळीस, चारानं भागून सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी साडेपाच. थोरलीनं मोबाईलवर तक्ता काढून ताडून पाहिलं आणि थोडक्या मिनिटांचा फरक निघाला. तिला या हिशेबाचं इतकं नवल वाटलं की कारण कळेपर्यंत तिनं आजोबांना सोडलं नाही. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागं सरकते, म्हणून तीन चतुर्थांश. कोकणातल्या माणसानं घड्याळ नसताना हे पाठ करून ठेवलं होतं.

कोल्हापुरातून निघालो की भोगावतीच्या काठाकाठानं ऊस सोबत असतो. राधानगरी आली की डोंगर जवळ येतात. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे ही आमच्याकडे पावसाळ्यातली रोजची बातमी असते. किती उघडले, पंचगंगेची पातळी किती, याच्यावर गल्लीतल्या गप्पा चालतात. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे धरण बांधायला घेतलं आणि त्याच्या पाठीमागचं रान संस्थानचं शिकारीचं रान होतं. १९५८ साली तिथं, म्हणजे दाजीपूरला, गव्यासाठी अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं. आज त्याचं क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना होते. हे सगळं मी गाडीत सांगत होते आणि धाकटा भडंगाच्या पिशवीत हात घालून खिडकीबाहेर बघत होता. बघू दे. माहिती नंतर कामाला येते.

तंबू अभयारण्यात मनाला येईल तिथं ठोकता येत नाही आणि ते योग्यच आहे. आम्ही गावाच्या कडेला एका शेतकऱ्याच्या माळावर परवानगीनं उतरलो. मुलं त्यांना मामा म्हणाली आणि तेच नाव राहिलं. रात्री मामींनी नाचणीची भाकरी, पिठलं आणि कांद्याचा ठेचा दिला. जेवण झाल्यावर शेकोटी विझवली, टॉर्च बंद केले आणि सगळे बाहेर सतरंजीवर पडलो. चांदणं इतकं लख्ख होतं की पलीकडच्या खाचराचे बांध दिसत होते. रातव्याचा एकसुरी टकटकाट चालला होता. मधेच रानातून भुंकण्याचा आवाज आला. कुत्र्यासारखा, पण तुटक आणि घोगरा. धाकटा उठून बसला. आप्पा म्हणाले, "भेकर हाय. कुणीतरी दिसलं असणार त्याला." कुणीतरी म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि पोरानंही विचारलं नाही. तो माझ्या अंथरुणात सरकला.

पहाटे गेटवर नोंद करून, वाटाड्याला सोबत घेऊन आत शिरलो. अंजनीच्या झाडांना नुकता बहर यायला लागला होता. अंजनीचं फूल फांदीच्या टोकाला येत नाही. ते जून लाकडालाच गुच्छागुच्छानं चिकटतं आणि त्याचा निळाजांभळा रंग कमी उजेडात खरा वाटत नाही. थोरली त्यापाशीच रेंगाळली. वाटाड्यानं मात्र एका जांभळीच्या खोडावरचे ओरखडे दाखवले. अस्वल मधासाठी चढलं होतं. ओरखडे जुने होते, कडांनी साल भरून येत होती.

सावराई सड्याकडे जाताना तो एकदम थांबला आणि हात मागं करून आम्हाला थोपवलं.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. कोट्यवधी वर्षांचा पाऊस काळ्या दगडावर पडत राहिला, त्यातलं विरघळण्यासारखं होतं ते वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागं उरलं, तो हा जांभा. राधानगरी तालुक्यात बॉक्साइटच्या खाणी आहेत त्या याच कारणानं. माती बोटभर, झाडं नाहीत, फक्त गवत आणि पावसाळ्यात फुलं. धुकं सड्यावर गुडघाभर होतं. त्या धुक्याच्या वर काळ्या पाठी होत्या. काही वेळ त्या हलल्याच नाहीत. मग एक मान वर आली आणि शिंगं दिसली. बुडाशी फिकट पिवळी, टोकाला काळी.

कळप माद्यांचा आणि वासरांचा होता. गव्याचं वासरू जन्मतः काळं नसतं, तांबूस-सोनेरी असतं. त्यातलं एक आईच्या पोटाखालून डोकं काढून आमच्याकडे बघत होतं. बाजूला, कळपापासून अंतर ठेवून, नर उभा होता. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो हे वाचलेलं असतं, पण ते वजन बघायचं तर त्याच्या खांद्याकडे बघावं. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत चढत गेलेला उंचवटा, त्यावर तेल लावल्यागत चमकणारी कातडी आणि ती कातडी माशी बसली की एकाच जागी थरथरते, बाकीचं अंग स्तब्ध. गुडघ्याखाली चारी पाय पांढरे. त्यानं नाकातून जोराचा फुत्कार सोडला तेव्हा वाफ दिसली.

"बसा खाली," वाटाड्या हळूच म्हणाला. "त्यो बघून घेतोय आपल्यास्नी. बघू दे."

आम्ही बसलो. त्यानं बघून घेतलं. मग माद्या पुन्हा चरायला लागल्या आणि गवत उपटल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. चर्र, चर्र. बराच वेळ तोच एक आवाज होता. आप्पांचे गुडघे दुखत असणार, पण ते हलले नाहीत. ऊन सड्यावर आलं तसा कळप कारवीच्या जाळीत उतरला. एवढी मोठी जनावरं, पण जाळीत शिरल्यावर फांदीसुद्धा हलताना दिसेना.

परतताना थोरलीनं विचारलं, "दादा, गवा मेला की त्याची हाडं कुठं जातात? एवढी मोठी असतात, दिसली नाहीत कुठंच."

"साळिंदर खातंय की," तो म्हणाला. "शिंगं, हाडं सगळी कुरतडतंय. ऱ्हायलेलं पावसात जातंय."

मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं. साळिंदर खरोखरच हाडं कुरतडतं. त्याला त्यातून कॅल्शियम मिळतं. आणि घाटातली माती आम्लधर्मी, वर चार महिन्यांचा धो धो पाऊस. इथं हाड फार काळ टिकत नाही. जीवाश्म व्हायला मेल्याबरोबर गाळाखाली गाडलं जावं लागतं, हवा लागू नये, कुणी उकरू नये, आणि मग त्या गाळाचा दगड होईपर्यंत जमीन शांत राहावी. एवढं सगळं एकाच जागी जुळून येणं दुर्मीळ. घनदाट पावसाळी रानातले प्राणी म्हणूनच दगडात कमी सापडतात. आम्ही सकाळी पाहिला त्या कळपातलं बहुधा काहीच उरणार नाही. थोरली हे ऐकून गप्प झाली. तिला ते आवडलं नाही. मलाही आवडत नाही. पण त्यामुळेच तर त्या नराकडे मी डोळ्यांत साठवून घेतल्यागत बघितलं होतं.

माळावर परतलो तेव्हा मामा बांधावर उभे होते. "रात्री आल्ते बघा," ते म्हणाले. कडेच्या खाचरात पाटाचं पाणी झिरपून चिखल झाला होता आणि त्यात खूर उमटले होते. मामांचा मूग तुडवला होता. ते शांतपणे सांगत होते, कारण दरवर्षीचं आहे. नुकसानीचा अर्ज, पंचनामा, हेलपाटे, मग मिळेल ते. गव्यावर त्यांचा राग नव्हता. पण आपण शहरातून येऊन ज्या जनावराचं कौतुक करतो, त्याच्या चाऱ्याचा काही खर्च मामांसारख्या माणसाच्या खिशातून जातो. तो त्याला वेळेवर आणि पुरेसा परत मिळायला हवा. गव्यांना जपायचं म्हणणाऱ्यांनी या मागणीसाठीही तितकंच बोललं पाहिजे.

खुराच्या ठशासाठी आम्ही कोल्हापूरहून प्लास्टर ऑफ पॅरिस आणलं होतं, गंगावेशीच्या कुंभार गल्लीतून. नवऱ्यानं जुन्या डब्यात पाणी घेतलं, त्यात प्लास्टर भुरभुरत टाकलं आणि ताकाच्या दाटपणाला आल्यावर थांबला. आधी ठशातली पानं-काटक्या चिमट्यानं काढून घेतल्या. भोवती पुठ्ठ्याची पट्टी लावून कडं केलं. प्लास्टर थेट ठशात ओतायचं नाही, चिखलाची कड मोडते. बाजूला चमचा धरून त्यावरून सोडायचं. धाकट्यानं चमचा धरला होता आणि त्याचा हात जराही थरथरला नाही. मग तासभर थांबायचं. त्या वेळात पोहे झाले. प्लास्टरला बोट लावलं तर कोमट लागत होतं, घट्ट होताना ते तापतं.

उचलून खालचा चिखल धुतला आणि खूर हातात आला. दोन जाड चंद्रकोरी, मधे फट, टाच खोल रुतलेली. माझा पंजा त्यावर ठेवला तर जेमतेम तो झाकत होता. सांबराचा खूर याच्याहून निमुळता असतो, पुढं टोकदार.

"आई, हे गणपतीच्या साच्याचंच झालं की," धाकटा म्हणाला. आणि बरोबर म्हणाला. चिखलात उमटला तो साचा आणि आपण ओतलं ती मूर्ती. दगडातही हेच होतं. पाऊल उमटतं, चिखल वाळतो, वरून दुसऱ्या जातीचा गाळ येऊन भरतो, दोन्हींचा दगड बनतो. पुढं कधी ते थर सुटे झाले तर एका थरावर खोलगा मिळतो, दुसऱ्यावर उठाव. जनावराचं हाड उरलं नाही तरी त्याचं चालणं उरतं.

फोंडा घाट उतरायला लागलो की काळ्या दगडाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. रस्त्याच्या कापलेल्या बाजूनं आपण लाव्ह्याच्या जिन्यानंच खाली जात असतो. पण खाली उतरल्यावर एक बदल होतो, तो बघायला गाडी थांबवावी लागते. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात आणि घाटाखाली सिंधुदुर्गात काही ठिकाणी लाव्ह्याच्या खालून त्याच्याहून कितीतरी जुना दगड डोकं वर काढतो. वालुकाश्म. बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून भूशास्त्रज्ञ त्याला कलादगी खडक म्हणतात. गोकाकचा धबधबा याच खडकांवरून पडतो आणि बदामीची लेणीही याच कुळातल्या दगडात कोरलेली. वय शंभर कोटी वर्षांच्या घरात.

ओढ्याला पाणी थोडंच होतं. पात्रात उतरलो तर पायाखालचा दगड काळा नव्हता. फिकट, गुलाबीकडे झुकणारा, हाताला खरखरीत. नवरा आणि आप्पा सावलीला बसले, आम्ही तिघं पात्रातून वर चालत गेलो. एका आडव्या लादीपाशी थोरली वाकली.

"आई, याच्यावर लाटा आहेत."

होत्याच. हातभर रुंद लादी आणि तिच्यावर ओळीनं उठलेल्या वळ्या. एकीतून दुसरी फुटलेली, पुन्हा मिळालेली. कुणी कोरल्या नव्हत्या. उथळ पाण्याच्या तळाशी वाळूवर वळ्या उठतात, त्या तशाच गाडल्या गेल्या, वाळूचा दगड झाला आणि ओढ्यानं त्यावरचे थर झिजवून ती पाठ पुन्हा उघडी केली. तिला एक गोष्ट दाखवली. वळीच्या दोन्ही उतारांवरून बोट फिरवायचं. पाणी एकाच दिशेला वाहत असेल तर वळीची एक बाजू सपाट-लांब आणि दुसरी उभी होते. लाट पुढं-मागं होत असेल तर दोन्ही उतार सारखे. तिनं डोळे मिटून बोट फिरवलं. एकदा या वळीवर, एकदा त्या. मग म्हणाली, "सारखेच आहेत. म्हणजे लाट होती. म्हणजे इथं किनारा होता?"

किनारा किंवा त्याच्या जवळचं उथळ पाणी. पण कसला किनारा! तेव्हा शिंपला नव्हता, खेकडा नव्हता, मासा नव्हता. जमिनीवर गवताचं पातं नव्हतं. जीव होते ते डोळ्यांना न दिसणारे. बागलकोटकडे याच कलादगी खडकांमध्ये सूक्ष्मजीवांनी बांधलेले चुनखडीचे घुमट सापडतात, तेच त्या काळचे रहिवासी. त्या किनाऱ्यावर लाट आली, वाळूला वळ्या पाडून गेली आणि बघायला कुणी नव्हतं. आता एका सातवीतल्या मुलीनं त्यावर बोट ठेवून ओळखलं की ही लाट होती, प्रवाह नव्हता. मला त्या वेळी काही बोलता येईना. मी तिच्या शेजारी लादीवर बसून राहिले.

धाकट्याचा प्रश्न सरळ होता. "हा जीवाश्म आहे का?"

नाही. जीवाचा अंश किंवा जीवाची खूण असेल तर जीवाश्म. ही पाण्याची खूण. तो नाराज झाला, पण त्याला खोटं सांगायचं नव्हतं. लादी तिथंच ठेवली. ती हलण्यासारखी नव्हती आणि हलवायचीही नव्हती.

नांदगाव तिठ्याला जेवलो. बांगडा आणि सोलकढी, त्याबद्दल वेगळं काय सांगायचं. पुढं देवगडचा रस्ता मोहरलेल्या आंब्यांमधून जातो. कुणकेश्वराला पोचलो तेव्हा दुपार उतरली होती. महाशिवरात्रीच्या जत्रेची तयारी सुरू होती, बांबू येऊन पडले होते. दर्शन घेऊन वाळूत उतरलो. पाणी आप्पांच्या हिशेबाप्रमाणं मागं हटत होतं.

ओल्या वाळूत पाय ठेवताच थोरली खाली बसली आणि बोट फिरवायला लागली. ताज्या वळ्या होत्या. दोन्ही उतार सारखे. जिथं एका खळग्यातलं पाणी ओहळ होऊन समुद्राकडे पळत होतं, तिथल्या वळ्यांची एक बाजू उभी. दुपारी दगडावर शिकली ते तिनं वाळूवर तपासून घेतलं. मला सांगितलंसुद्धा नाही. मी लांबून बघत होते.

धाकटा वेगळ्या कामाला लागला होता. वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी पसरली होती, मध्यभागी एक भोक आणि तिथून निघालेल्या रांगा. इवले खेकडे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागं टाकतात. हालचाल दिसली की भोकात. भरतीला ही सगळी नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला ते नव्यानं सुरू करतात. त्यानं पालथं पडून श्वास रोखला आणि शेवटी एक खेकडा बाहेर आला. नखाएवढा. तो गोळी करून मागं लोटताना त्यानं पाहिला.

मग शिंपले. तिसऱ्या म्हणजे कोकणात खातात ते शिंपले, त्यांत त्याला एक सापडला, त्याच्या जोडाजवळ गोल भोक. इतकं नेमकं की सुताराच्या गिरमिटानं पाडलं असावं. तळहातावर उलटसुलट करून पाहिलं. भोक बाहेरून रुंद, आत अरुंद, कड तिरकी उतरलेली. हे एका शिकारी गोगलगाईचं काम. ती शिंपल्याला पायानं वेढते, आम्लानं कवच मऊ करते, खडबडीत जिभेनं खरवडत जाते आणि आरपार झाल्यावर आतलं मांस खाते. याला वेळ लागतो, तास-दोन तास नव्हे, कधी अख्खा दिवस. आणि ही भोकं जीवाश्म झालेल्या शिंपल्यांवरही तशीच मिळतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुणी कुणाला खाल्लं, याचा कवचावरच लिहिलेला दाखला.

"म्हणजे हा उरू शकतो?" धाकट्यानं विचारलं.

शिंपला उरू शकतो. कठीण असतो, किनाऱ्यावर वाळू त्याला गाडते. कोकणच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू आणि शिंपले चुन्यानं सांधले जाऊन दगड तयार झालेला आहे, काही हजार वर्षांपूर्वीचा. त्याला करळ म्हणतात आणि पूर्वी तो घरबांधणीला वापरत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर जांभ्याच्या खाली, विहिरी खोदताना, काळ्या मातीत जळकट लाकूड आणि पानं लागली आहेत. मायोसीन काळातली, म्हणजे किमान ५० लाख वर्षांपूर्वीची, आणि त्या मातीत तेव्हाच्या झाडांचे परागकणही ओळखता आले. जिथं आज आंबा उभा आहे त्याच्या मुळांखाली कुठंतरी दुसरंच रान आहे.

खडकांपाशी, शेवाळ सांभाळत शोधताना, त्याला ते मिळालं. मुठीएवढा गोळा. वाळू घट्ट बसलेली आणि तिच्यातून शिंपल्यांच्या कडा डोकावणाऱ्या, एका बाजूला गोगलगाईच्या शंखाचं टोक. बोटानं हलवलं तर हलेना. त्यानं तो दोन्ही हातांत धरून आप्पांकडे नेला. आप्पांनी चष्मा वर केला, गोळा उन्हात फिरवला आणि म्हणाले, "समुद्रानं कामाला सुरुवात केलीय. अजून पुरा व्हायचाय."

एवढं पुरेसं होतं. पूर्ण जीवाश्म नसेल, पण तो स्वतः शोधलेला होता आणि त्यात जीव होता. गोळ्याचे फोटो काढले, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, आणि तो खडकाच्या खोबणीत परत ठेवला. यावरून भावंडांत वाद झाला. धाकट्याला घरी न्यायचा होता. थोरलीचं म्हणणं, मग पुढं येणाऱ्याला काय दिसेल? मी थोरलीच्या बाजूनं बोलले. किनाऱ्यावरून काय उचलावं याला नियमही आहेत. प्रवाळ आणि समुद्रपंखा तर वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा घरी नेता येत नाही. पण नियमापेक्षा मला त्याला हे कळायला हवं होतं की शोधणं आणि मालकी या दोन गोष्टी आहेत. त्याला पटायला वेळ लागला. भोक पडलेला तिसऱ्याचा शिंपला मात्र त्यानं खिशात घातला. किनाऱ्यावर त्यांचा खच पडला होता, म्हणून मी अडवलं नाही.

रात्री देवगडात मुक्कामाला आप्पांनी गोकाकचा विषय काढला. ते तरुणपणी कितीदा तरी गोकाकला गेलेले, झुलत्या पुलावरून धबधबा बघायला. त्या पाण्याखालचा दगड दुपारच्या लादीच्याच कुळातला आहे, हे त्यांना त्या दिवशी नव्यानं कळलं होतं आणि ते त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं. "दिवाळीनंतर जाऊ. पाणी कमी होतंय तवा पात्र उघडं पडतंय," ते म्हणाले. थोरलीनं त्याला बदामी जोडली. लेण्यांच्या भिंतींवर वळ्या दिसतात का, हे तिला बघायचंय. धाकट्यानं मात्र सिरोंचा सोडलेलं नाही. परत आल्यापासून तो मोबाईलच्या नकाशावर कोल्हापूर ते वडधम अंतर मोजतोय आणि मे महिन्यात विदर्भात ऊन किती असतं, हे सांगून त्याच्या बापानं त्याला निदान हिवाळ्यापर्यंत थोपवलंय.